घरचा पैसा : नर्सेस पुरवणाऱ्या कंपनीचे शेअर्स

मैत्रिणींनो, मुलगा किंवा जावई अमेरिकेत असला की फोनवर कधीतरी शेअर्सचा विषय निघतोच. "इथे एक लहान कंपनी आहे, हॉस्पिटलांना नर्सेस पुरवते. घेऊ का थोडे?" आजारपण काही संपत नाही, तेव्हा धंदा पक्का, असे आपल्याला चटकन वाटून जाते.

उदाहरणाला फ्लोरिडातली क्रॉस कंट्री हेल्थकेअर घेऊ. १९८६ साली निघालेली, तिथल्या मानाने लहानच. हॉस्पिटलात माणसे कमी पडली की काही आठवड्यांच्या करारावर नर्स पाठवायची, हॉस्पिटलला बिल लावायचे, नर्सला पगार द्यायचा आणि मधला फरक ठेवायचा. शंभर डॉलरच्या बिलात हा फरक साधारण २० ते २२ डॉलर. त्यातूनच ऑफिस, नोकरमाणसे, कर, सगळे भागवायचे. म्हणून विक्रीच्या मोठ्या आकड्याला भुलू नका बरं! त्यातला बराचसा पैसा मुळी नर्सेसचाच.

आता आकडे पाहा. २०२० मध्ये विक्री होती सुमारे ८४ कोटी डॉलर. कोरोनात नर्सेस मिळेनात, हॉस्पिटले मागाल तो दर देऊ लागली आणि २०२२ मध्ये विक्री गेली २८१ कोटींवर, नफा जवळजवळ १९ कोटी. त्या वेळी शेअरच्या भावाला नफ्याने भागले तर शेअर अगदी मातीमोल वाटे. पण दिवाळीत चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी आल्या म्हणून वर्षभराची मिळकत तेवढी धरायची का? दर उतरले, हॉस्पिटलांनी स्वतःची माणसे नेमली. २०२४ मध्ये विक्री १३४ कोटी आणि वर नुकसान!

आणखी एक गोष्ट आपल्याला, महिन्याचा हिशेब सांभाळणाऱ्यांना, लवकर कळेल. नर्सचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. हॉस्पिटलचे बिल मात्र साधारण दोन महिन्यांनी वसूल होते. त्यामुळे धंदा वाढतो तेव्हा पैसा उधारीत अडकतो. उलट धंदा आटतो तेव्हा जुनी उधारी वसूल होऊन गल्ला भरलेला दिसतो. २०२४ मध्ये या कंपनीला तोटा असूनही धंद्यातून रोकड आली ती बरीचशी अशीच. ती मिळकत समजायची नाही.

म्हणून मुलाला एका वर्षाचा नफा विचारू नका. कोरोनाच्या आधीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची दोन अशी शेजारी मांडायला सांगा. कर्ज किती, येणे किती दिवसांचे, आणि निम्मा धंदा एकाच मोठ्या हॉस्पिटलावर तर नाही ना, हेही विचारा. मला स्वतःला हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण लहान कंपनीचा एक गिऱ्हाईक तुटला की सगळाच डोलारा हलतो.

हे सारे कंपनीच्या वार्षिक अहवालात असते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे तो कुणालाही फुकट पाहता येतो. इंग्रजी जड वाटले तर नुसती आकड्यांची पाने मागवा.