नोटा आणि नोट्स

शीघ्रवाचन नावाची जी काही विद्या आहे, तिच्याविरुद्ध मी आज रीतसर तक्रार करीत आहे. आम्ही बँकेतले लोक एरवी तक्रारी ऐकतो, करीत नाही; तेव्हा प्रसंग गंभीर आहे हे वाचकांनी ओळखावे.

ही विद्या मी पैसे भरून शिकलो. ‘ओठ हलवू नका, मनातसुद्धा शब्द उच्चारू नका, ओळीवरून बोट सरकवत न्या आणि मागे वळून पाहू नका!’ असे आमचे गुरुजी बजावत. अमेरिकेत एव्हलिन वुड या बाईंनी १९५९ साली असल्या वाचनाचे वर्गच काढले होते. बोटाची मला धास्ती नव्हती. नोटा मोजून ते आधीच तयार झालेले. पंधरा दिवसांत मी मिनिटाला हजार शब्दांवर गेलो. ‘काय वाचलंत?’ असे सौ.ने विचारले, की मात्र मी चहा मागत असे.

पुढे २०१९ साली हयातीच्या दाखल्याचे परिपत्रक आले. ते मी मिनिटात उडवले. ऑक्टोबरात एक आजोबा काठी टेकत आले. ‘दाखला द्यायचाय.’ मी म्हणालो, ‘आजोबा, नोव्हेंबरात या.’ ते निमूटपणे जिना उतरून गेले. ऐंशी वर्षे पुरी झालेल्या सरकारी पेन्शनरांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच घ्यायचा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते आणि नेमकी तीच ओळ माझ्या बोटाखालून सुसाट निघून गेली होती! संध्याकाळी फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. ‘अहो, होतं असं कधीकधी,’ ते म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते.

आमच्या काउंटरवरचे यंत्र शंभर नोटा काही सेकंदांत मोजते. पण पैसे कुणाचे, कशासाठी, हे त्याला विचारून पाहा! मी फी भरून तेच यंत्र झालो होतो.

भराभर नजर फिरवूच नये असे नाही. यादीत नाव शोधताना जरूर फिरवावी. पण समजून घ्यायचे तर थांबावेच लागते, आणि नुसते थांबूनही भागत नाही. एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. एका दिवसात बरीचशी जमा खर्ची पडते, असे त्याला आढळले. यावर ‘नोट्स काढा’ म्हणावे, तर लोक अख्खे पुस्तकच उतरवून काढतात. ती नक्कल झाली, ठेव नव्हे.

माझी पद्धत रोखपालाची आहे. आधी मथळे चाळायचे, दोन प्रश्न मनाशी धरायचे, मग सावकाश वाचायचे. कागद मिटून आठवेल ते चार ओळींत लिहायचे आणि मुळाशी ताळा करायचा. तूट निघाली, तर तेवढेच पुन्हा वाचायचे. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा मिटल्या कागदाने आठवायचे. पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा असे आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगाने दाखवले आहे.

परवा एका परिपत्रकाला अशी चाळीस मिनिटे लागली. साहेब वैतागले, ‘अहो, वाचून झालं की नाही?’

म्हटलं, ‘साहेब, वाचून केव्हाच झालं, आता कळतंय.’