जड वायू, सखल जागा

विषारी वायूची तरफदारी करणारा सर्वांत तगडा पूर्वपक्ष जे. बी. एस. हाल्डेन यांचा आहे. पुढे भारताचे नागरिक झालेल्या या शास्त्रज्ञाने 1925 सालच्या ‘कॅलिनिकस’ या पुस्तिकेत मांडले, की तोफगोळ्याने फाटलेल्यापेक्षा वायूने पोळलेला माणूस वाचण्याची शक्यता जास्त. मग वायूलाच क्रूर का म्हणावे? आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. पहिल्या महायुद्धात वायूबाधित सुमारे 13 लाख आणि त्यांतले मृत सुमारे 90 हजार, असा अंदाज सांगतात. शिवाय हाल्डेन यांनी स्वतः क्लोरीन छातीत भरून घेऊन प्रयोग केले होते. त्यांना खुर्चीतला पंडित म्हणून झटकता येत नाही.

चूक आकड्यांत नाही, मापात आहे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी पाच हजारांहून अधिक नळकांड्यांची तोंडे उघडली, तेव्हा तो हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर सरकत आला आणि खंदकांत उतरला. गुडघाभर चिखल, उवा, उंदीर, ओलीने कुजणारे पाय हे सगळे शिपाई सोसत होता, कारण वर गोळी होती आणि खाली निदान आडोसा होता. वायूने तो आडोसाच विहीर करून टाकला. खाली थांबावे तर गुदमरणे, वर यावे तर गोळी. पुढे मृतांचे प्रमाण घटले याचे श्रेय मुखवट्यांचे. ते वायूच्या दयाबुद्धीच्या खात्यावर कसे टाकायचे?

कुणी म्हणेल, आपल्या मराठा पलटणी तर मेसोपोटेमियात होत्या, तिथे वायू कुठला? खरे आहे. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यांच्या वाट्याला वायू आला नाही. तैग्रिसच्या पुराने भरलेले खंदक, उपासमार आणि भाजीपाल्यावाचून होणारा स्कर्व्ही आला. पण तिथेही माणूस मेला तो जागा सोडता येत नव्हती म्हणून. गोळीने किती पडले एवढेच मोजणाऱ्याला ना कुत कळेल, ना ईप्र.

हे पेण-रोह्यात कशासाठी उगाळायचे? कारण केवळ मृत मोजण्याचे हेच माप इथे रोज वापरले जाते. नोव्हेंबर 1990 मध्ये रोहा तालुक्यातल्या नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वायू गळून स्फोट झाला आणि 30 हून अधिक माणसे गेली. ते लक्षात राहिले. पण गळतीनंतर ‘जीवितहानी नाही’ हे दोन शब्द उच्चारले, की प्रकरण मिटते. यावर आक्षेप येतो, की कारखाने पोट भरतात, क्लोरीन नळाचे पाणी शुद्ध करतो, युद्धातल्या हेतुपूर्वक विषाशी त्याची तुलना अन्याय्य आहे. हेतू निराळा, हे मान्य. धाटावची औद्योगिक वसाहत बंद करा असे कुणी म्हणत नाही. मात्र वायूला हेतू नसतो, वजन असते. खंदकांत वायूंपैकी सर्वाधिक बळी घेतल्याचे मानले जाणारे फॉस्जीन आजही रसायनउद्योगाचा कच्चा माल आहे, आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातली वस्ती सखलच आहे. जड वायू आला तर वाऱ्याला आडवे जाऊन उंचावर चढायचे, हे किती घरांत ठाऊक आहे? ग्रामसभेत एवढे तरी विचारा : आपल्या शेजारी कोणता वायू साठवला आहे आणि भोंगा वाजला तर कोणत्या टेकडीकडे पळायचे. ठरावीक मर्यादेपलीकडे घातक रसायन बाळगणाऱ्याने कुंपणाबाहेरच्या लोकांना ही माहिती दिली पाहिजे, असा नियम 1989 पासून आहे.