हरितगृहातील नियंत्रकाची स्मृती

मुळशी तालुक्यासारख्या भागातील हरितगृहांत ठिबक संचाचे व्हॉल्व्ह उघडणे व विद्राव्य खत सोडणे ही कामे लहान प्रोग्रॅमेबल नियंत्रकाकडे सोपविता येतात. मात्र बसेल तितके त्यात भरून घेण्याचा मोह बागाईतदारास होतो. हे इष्ट नव्हे.

सीमेन्सचा ‘लोगो-८’ हा नियंत्रक पाहावा. त्यात कार्यक्रमास ४०० ब्लॉकांची मर्यादा असून, वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती अवघी २५० बाइट आहे. दर मिनिटाचे तापमान दोन-दोन बाइटांत तेथे साठवू म्हटले, तर सुमारे दोन तासांतच जागा संपेल. अशा नोंदी मेमरी कार्डावर अथवा साध्या वहीत ठेवाव्यात. वहीला वीजही लागत नाही. टिकाऊ स्मृतीवर पहिला हक्क खताच्या मात्रेचा आहे. पावसाळ्यात मध्येच वीज गेली व किती खत सुटले हे यंत्र विसरले, तर वीज येताच ते पुन्हा पहिल्यापासून खत सोडू शकते. मग जरबेराच्या मुळांशी क्षार साचून बाग धोक्यात येते.

प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र साप्ताहिक घड्याळ देण्याचेही कारण नाही. एका घड्याळाने पहिला व्हॉल्व्ह उघडावा. तो मिटताच दुसरा उघडावा. यात ब्लॉक वाचतात.

संच ताब्यात घेण्यापूर्वी खताऐवजी साधे पाणी सोडून, अर्ध्यावर वीज बंद करावी. वीज सुरू करताच उरलेलीच मात्रा सुटते किंवा कसे, हे ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्यासमक्ष पाहावे.