‘चंद्रकांता संतति’ आणि आमचे जाणते वाचक

देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता संतति’विषयी झाशीतील आमच्या मराठी मंडळींत अलीकडे जी मते ऐकू आली, त्यांचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते. निमित्त साधे होते. एका स्नेह्यांच्या घरी मंडळी जमली असता घरातला मुलगा ‘संतति’चा एक भाग घेऊन कोपऱ्यात बसलेला दिसला आणि तेवढ्यावरून वडीलधाऱ्यांत चर्चा जुंपली. एकाचे म्हणणे, मूळ ‘चंद्रकांता’ एक वेळ ठीक. पण ‘संतति’ म्हणजे पाणी घालून वाढवलेले ताक. दुसऱ्याचे म्हणणे, असल्या अशक्य गोष्टींनी मुलांची बुद्धी बिघडते. तिसऱ्याने निकालच दिला, की हे वाङ्मय नव्हेच; गाडीतला वेळ काढण्याचे ते एक साधन होय. चोवीस भागांपैकी आपण किती वाचले, असा प्रश्न आम्ही नम्रपणे केला, तेव्हा तिघांचे मिळून दोन भाग भरले!

आता एकेक आक्षेप पाहू. पहिला लांबीचा. तो आम्ही निम्मा मान्य करतो. ‘संतति’त आठवणींतून आठवणी निघतात, तळघराखाली तळघर लागते, आणि कोण कोणाच्या वेषात आहे याचा हिशेब ठेवताना वाचक थकतो. परंतु ज्यांची निम्मी हयात एकाच प्रकरणाची फाईल भाग एक, भाग दोन करीत वाढवण्यात गेली, त्या आम्हा कचेरीवाल्यांनी तरी केवळ लांबीला नाक मुरडू नये. प्रश्न असा, की लांबीबरोबर काही वाढले काय? आमचे उत्तर आहे, वाढले. ‘चंद्रकांते’त दुष्ट माणसाचे नावच क्रूरसिंह; त्याला ओळखण्यास वाचकाला कष्ट नाहीत. ‘संतति’त भूतनाथ येतो. हा ऐयार शूर आहे, चतुर आहे, आणि आपले पूर्वीचे पाप उघडकीस येईल या भीतीने पोखरलेलाही आहे. त्याला नाव सुधारायचे आहे, पण मागचे कागद त्याची पाठ सोडीत नाहीत. वीरेंद्रसिंहाचे दोन पुत्र तिलिस्म फोडतात खरे. पण वाचकाचा जीव अडकतो तो भूतनाथात. खुद्द लेखकालाही त्याचा मोह सुटला नाही. त्याने पुढे ‘भूतनाथ’ ही स्वतंत्र कादंबरी आरंभिली आणि १९१३ साली त्याच्या निधनानंतर ती त्याच्या मुलाला, दुर्गाप्रसाद खत्री यांना, पुरी करावी लागली.

दुसरा आक्षेप अशक्यतेचा. येथे न वाचल्याची खूण स्पष्ट दिसते. उर्दू दास्तानांत तिलिस्म जादूने उभे राहते. खत्री यांच्या तिलिस्मात बहुधा कळा, पुतळे, चोरदरवाजे आणि औषधी चूर्णे असतात, आणि चमत्काराचा उलगडा सांगण्याची जबाबदारी लेखक स्वतःवर घेतो. ऐयारांचेही कायदे आहेत. पकडलेल्या ऐयाराला कैद करावे, ठार मारू नये, ही रीत शत्रूही पाळतो. ज्या अद्भुतात असे नियम आहेत, ते मुलांची बुद्धी बिघडवते, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या हिंदी साहित्येतिहासात खत्री यांनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, हे मोकळ्या मनाने मान्य केले. या कादंबऱ्यांसाठी उर्दू जाणणारे कित्येक लोक हिंदी शिकले, हेही नमूद केले. आणि तरीही, घटनावैचित्र्याखेरीज यांत भाव व चरित्रचित्रण नाही म्हणून त्यांना साहित्याच्या पंक्तीबाहेर बसविले. आचार्यांविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही विचारतो, भूतनाथ हे चरित्रचित्रण नव्हे, तर काय?

हेच आम्ही मराठीतही केले. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) आवडीने वाचल्या जात होत्या. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटकांवरील निबंध आला आणि असंभाव्यतेवर बोट ठेवले गेले. ती टीका बरीचशी योग्य होती. हरिभाऊ आपट्यांची वाट तिने सोपी केली असेल. पण पुढे तिचे सोवळे झाले. पराक्रम वाचायचा तर त्याला इतिहासाचा दाखला हवा, असा आमचा दंडक झाला. म्हणून झाशीचा मराठी माणूस वृंदावनलाल वर्मा यांची राणी लक्ष्मीबाईंवरील कादंबरी अभिमानाने वाचतो, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ मात्र त्याच्या मुलाने नावानेही ऐकलेला नसतो.

आणि खरे दुखणे येथे आहे. कोपऱ्यातला तो मुलगा घरी उत्तम मराठी बोलतो, पण मराठी पुस्तकाला हात लावीत नाही. ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी त्या काळच्या माणसांनी नवी लिपी आत्मसात केली. आमच्या मुलांना तेवढाही खटाटोप नाही; हिंदीची लिपी तीच आपली बाळबोध. मग अडते कोठे? लिपीपाशी नव्हे, ओढीपाशी. पुढे काय झाले, हे कळल्यावाचून झोप येऊ नये, असे मराठी पुस्तक त्याच्या हाती आम्ही दिलेच नाही. कपाटात थोरांचे निबंध आणि चरित्रे लावली आणि मुले मराठी वाचीत नाहीत म्हणून सभा भरवल्या. आजची मुले इंग्रजीतून जादूगारांच्या शाळेचे सात-सात खंड वाचतात. त्यांना लांबीचा कंटाळा येतो, हे आता कोणी सांगू नये.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. त्या मुलाच्या हातून ‘संतति’ काढून घेऊ नका. शक्य तर तिचा पुढचा भाग त्याला आणून द्या, आणि त्याबरोबर ‘वीरधवल’ही उशाशी ठेवा, काहीही न सांगता ठेवा. परप्रांतात नोकरीनिमित्त आलेल्या आम्हा लोकांची भाषा व्याख्यानांनी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल, असा भरवसा आम्हांस उरलेला नाही. पोहोचलीच, तर ती रात्री दिवा मालवायला सांगितल्यावरही न मिटलेल्या एखाद्या पुस्तकातून पोहोचेल.