ट्रॉम्बोनवाल्याचं नाव काय?

आमच्या म्हशाकडे डीजेच्या आधी वरातीला ब्रास बॅण्ड असायचा. पुढे क्लॅरोनेट, ट्रम्पेट, आणि मागच्या रांगेत लांब नळी पुढेमागे सरकवणारा ट्रॉम्बोनवाला. ‘अमर अकबर अँथनी’मधलं, अमिताभ अंड्यातून बाहेर येतो ते गाणं हमखास व्हायचं. त्यातलं नाव एका खऱ्या माणसाचं आहे, हे मला मोबाईल हातात आल्यावर कळलं.

अँथनी गोन्साल्विस. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली गुरूचं नाव गाण्यात आलं. प्यारेलालना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं, मिळायलाच हवं होतं. गुरू २०१२ मध्ये गेले, कुठल्याही पद्मशिवाय.

आणि ते एकटे नाहीत. आल्दोन्याचे आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो जॅझ आला तो या माणसाच्या साथीनं. ‘अलबेला’ (१९५१) यूट्यूबवर लावा, भगवानदादांच्या मागे ते स्वतः ट्रम्पेट घेऊन दिसतील. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिला. पंचमच्या गाण्यांत ब्लास्को मोन्सोरेट यांचा ट्रॉम्बोन आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरं नोटेशन वाचायला शिकायची, म्हणून मुंबईच्या स्टुडिओत त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं.

अमेरिकेत जॅझवाल्यांसाठी ‘एनईए जॅझ मास्टर्स’ हा वेगळा राष्ट्रीय सन्मानच आहे, १९८२ पासून. ट्रॉम्बोनवाले जे. जे. जॉन्सन यांना तो १९९६ मध्ये मिळाला, कर्टिस फुलर यांना २००७ मध्ये. ज्या देशानं या संगीतातल्या काळ्या लोकांना हॉटेलच्या मागच्या दारानं आत घेतलं, त्याला उशिरा का होईना लाज वाटली.

आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, ‘ते परदेशी संगीत.’ व्हायोलिन कुठलं मग? पेटी? कद्री गोपालनाथ सॅक्सोफोन वाजवायचे, त्यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. वाद्य चाललं, कारण त्यातून कर्नाटक राग निघत होते. त्याच सॅक्सोफोनमधून जॅझ निघाला की तो हॉटेलातला करमणुकीचा माणूस! ही सोवळ्याओवळ्याची भाषा मला ओळखीची आहे. वरातीत बॅण्डवाल्याला पंगत उठल्यावर जेवायला बसवतात, तीच ही.

आणि सरकारला दूरचं दिसत नाही असंही नाही. यंदा, २०२६ मध्ये, जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली, वय नव्वदीच्या घरात. आमच्या शेजारच्या डोंगरातला तारपा दिल्लीला ऐकू गेला, मग ताजमधला ट्रम्पेट का नाही?

मरणोत्तर पद्म सहसा देत नाहीत, पण फारच योग्य माणूस असेल तर देता येतं, तशी नियमातच सोय आहे. म्हणजे अडचण कायद्याची नाही. शिफारस कुठलाही नागरिक ऑनलाइन करू शकतो. मी यंदा चिक चॉकलेट यांची करणार आहे. तुमच्या गावच्या बॅण्डमधला म्हातारा ट्रॉम्बोनवाला अजून असेल, तर आधी त्याला जाऊन त्याचं नाव विचारा. मला आमच्याकडच्याचं आजही माहीत नाही.