औषधांस न जुमानणारे जंतु

घरांतील एखादें वडील माणूस अत्यवस्थ होऊन रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत गेलें, म्हणजे 'आतां योग्य हातीं पडलें' म्हणून मंडळींस थोडा धीर येतो. तो धीर अस्थानीं नसतो. तेथील यंत्रांनीं व परिचारिकांच्या जागरणानें असंख्य माणसें परत घरीं आलीं आहेत. परंतु जेथें जीव वांचविण्याची शिकस्त होते, तेथेंच औषधांस दाद न देणारे जंतुही फार आढळतात. असें कां व्हावें, आणि आपल्या घरच्या औषधांच्या डब्याशीं त्याचा काय संबंध, याचा विचार आज करावयाचा आहे.

अत्यवस्थ रोग्याच्या घशांत श्वासासाठीं एक नळी, लघवीसाठीं दुसरी आणि मोठ्या शिरेंत औषधासाठीं तिसरी, अशा नळ्या घालाव्या लागतात. पुष्कळदां त्यांवांचून तो जगावयाचा नाहीं. पण कातडी आणि खोकला हे शरीराचे जे स्वाभाविक पहारेकरी, त्यांस चुकवून आंत शिरण्याची वाट जंतूंस त्याच नळ्यांनीं मिळते. नळीवर ते चिकट थर धरून राहतात व त्या थराआड औषधाचा प्रभाव कमी पडतो. त्यांतच रोग्यास प्रतिजैविकें द्यावीं लागतात. त्यांनीं दुर्बळ जंतु मरतात. जे तगतात त्यांस सारें रान मोकळें सांपडतें. शिवाय ही तगण्याची विद्या एका जातीचे जंतु दुसऱ्या जातीस देऊं शकतात. एका घरची पोथी शेजाऱ्यानें उतरून घ्यावी, तसा हा प्रकार.

क्लेब्सिएला व अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे असल्या जंतूंपैकीं प्रमुख होत. इतर औषधें हरल्यावर वापरावयाचीं म्हणून राखलेलीं कार्बापेनेम वर्गाचीं औषधेंही त्यांतील कित्येक फोडून निकामी करतात. म्हणून डॉक्टरांस कोलिस्टिन हें जुनें औषध पुन्हां बाहेर काढावें लागलें. मूत्रपिंडास अपाय करतें म्हणून तें १९७० नंतर बहुतेक बाजूला पडलें होतें. भिऊन टाकलेल्या औषधाचाच आधार धरावा लागतो, यावरून प्रसंग किती कठीण आहे हें दिसेल. २०१९ सालीं औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा धोका अनपेक्षित नव्हता. १९२८ सालीं पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत एका काल्पनिक गृहस्थाचें उदाहरण दिलें आहे. घसा दुखतो म्हणून तो आपल्याच विचारानें पेनिसिलिन घेतो. तें जंतु मारण्यास अपुरें, पण त्यांस शहाणे करण्यास पुरेसें. पुढें तेच जंतु त्याच्या पत्नीस लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाहीं व ती मरण पावते. तिच्या मृत्यूचा दोष फ्लेमिंग यांनीं त्या पतीकडे दिला. ही गोष्ट रुग्णालयांतील नव्हे, घरांतील आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांत एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या उपयोगीं पाडणें ही काटकसर वाटते. भावोजींच्या कॅप्सुली उरल्या, त्या जाऊबाईंच्या मुलास सर्दीवर दिल्या! सर्दी विषाणूंची, तिच्यावर प्रतिजैविक कांहींच करीत नाहीं. मात्र मुलाच्या आंतड्यांत जे जंतु सुखानें नांदत असतात, त्यांस त्या औषधाची तोंडओळख होते. आणि अतिदक्षता विभागांत रोग्यास ग्रासणारे जंतु पुष्कळदां त्याच्या स्वतःच्याच आंतड्यांतून आलेले असतात. आपण घरीं जें पेरतों, तें तेथें उगवतें तें असें. मार्च २०१४ पासून आपल्या देशांत कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची, डॉक्टरांच्या व रोग्याच्या नांवासह, वेगळी नोंद ठेवणें दुकानदारावर बंधनकारक आहे. पण घरांतील डब्याची नोंद कोणता कायदा ठेवणार? ती गृहिणीनें व गृहस्थानेंच ठेविली पाहिजे. औषध डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेनें, सांगितले तितकेच दिवस घ्यावें. उरल्यास दुसऱ्यास देऊं नये.

दुसरी गोष्ट हातांची. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें डॉ. सेमेलवाइस यांनीं प्रसूतिगृहांतील डॉक्टरांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें. एप्रिलांत त्यांच्या विभागांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची रीत आपल्या घरांस नवी नाहीं. तीच रुग्णालयांतही पाळावी. रोग्यास भेटावयास सारी मंडळी न जातां एकानेंच जावें, आंत जातांना व बाहेर येतांना हात स्वच्छ करावे, खाटेवर बसूं नये, नळ्यांस हात लावूं नये. 'ही नळी अजून लागणार आहे काय?' असें डॉक्टरांस नम्रपणें विचारण्यास संकोच नसावा. चांगले डॉक्टर हा विचार रोज स्वतःच करतात.

नवीं प्रतिजैविकें निघण्यास वर्षानुवर्षें लागतात; असलेलीं निकामी होण्यास तितका वेळ लागत नाहीं. घरांतील आजींची शस्त्रक्रिया किंवा अपुऱ्या दिवसांचें नातवंड यांचे प्राण उद्यां ज्या औषधावर अवलंबून राहतील, तें आज सर्दीपायीं उधळूं नये, इतकेंच सांगणें.