अर्धवट शेवट नवा नाही



‘द फॅमिली मॅन’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वावरील तुमच्या लेखात, अर्धवट शेवट करून निर्मात्यांनी प्रेक्षकांना ‘पहिल्यांदाच फसवले’ असे म्हटले आहे. हे चूक आहे. सप्टेंबर 2019 मधले पहिले पर्वही दिल्लीवरचे विषारी वायूचे संकट तसेच टांगते ठेवून संपले होते. उत्तरासाठी प्रेक्षक जून 2021 पर्यंत थांबले. तेव्हा मात्र त्याला उत्कंठा म्हणायचे!

तिसऱ्या पर्वाच्या सात भागांत कथा आटोपली नाही, एवढी तक्रार मान्य.

पण नायक श्रीकांत तिवारीला नागालँडमध्ये नेल्यामुळे मालिका ‘परकी’ वाटते, हा आक्षेप टिकत नाही. दुसऱ्या पर्वात तमिळ संवाद भरपूर होते. मराठी घरांतही ते पर्व उपशीर्षके वाचत पाहिले गेलेच, मग ईशान्येच्या भाषांचेच वावडे का? शिवाय आसामचे ज्येष्ठ दिग्दर्शक जानू बरुआ यांना तिसऱ्या पर्वात नट म्हणून पाहायला मिळते. लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

जयदीप अहलावतचा रुक्मा लेखकाला ‘ठोकळेबाज खलनायक’ वाटला. पण प्रेक्षकांत चर्चा झाली ती त्याचीच.

पुढचे परीक्षण छापण्यापूर्वी आधीची पर्वे एकदा पाहून घ्यावीत, ही विनंती.

— एक वाचक, सातारा